अंगणातल्या दिव्यांसाठी टायमर की उजेडाचा सेन्सर?

घराबाहेरचे दिवे आपोआप लागावेत आणि विझावेत असे ठरवले, की दोन पर्याय समोर येतात. एक टायमर आणि दुसरा उजेड ओळखणारा सेन्सर. दुकानात ‘डे-नाइट सेन्सर’ म्हणून मागितला की तो लगेच मिळतो. गुहागरजवळच्या आमच्या घरी मी दोन्ही वापरले आहेत. तिथे आई-वडील दोघेच असतात, त्यामुळे माझी पसंती त्यांच्या सोयीवरून ठरली, हे आधीच सांगतो.

पहिल्यांदा मी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दात्यांची चकती असलेला साधा टायमर बसवला. तो घरातल्या बोर्डात राहतो, त्याला पाऊसपाणी लागत नाही आणि रात्री अकराला दिवे विझवायचे असतील तर ते काम तोच करतो. आमच्याकडे सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आसपास, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणून वर्षभरात दाते काही वेळा सरकवावे लागतात. तेवढे चालले असते. मला तो नकोसा झाला तो वीज जाण्यामुळे. वीज गेली की ही चकती जागच्या जागी थांबते. एका जूनमध्ये वादळी पावसात तारेवर फांदी पडली आणि दुपारपासून पाच तास वीज नव्हती. त्या रात्री सातला लागायचे दिवे बाराला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत जळत राहिले. वडिलांनी फोन करून विचारले, “चकती किती फिरवायची रे?” बोर्ड माजघरात उंचावर होता आणि त्यांना स्टुलावर चढू देणे मला योग्य वाटेना. पावसाळ्यात असे किती वेळा झाले त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण चतुर्थीला घरी गेलो तेव्हा दिवे पुन्हा भलत्याच वेळी लागत होते.

बॅटरीवर वेळ राखणारे टायमर मिळतात, आणि अक्षांश-रेखांश भरले की रोजचा सूर्यास्त स्वतः काढणारेही मिळतात. ज्यांना नेमकी वेळ पाळायची आहे त्यांनी त्यांचा जरूर विचार करावा. मात्र ढगांचा अंधार त्यांनाही कळत नाही. आषाढात आमच्याकडे कधीकधी दुपारी चारलाच दिवेलागणीसारखा काळोख होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाखाडीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले असते. अशा वेळी सेन्सर आपणहून दिवा लावतो. माझ्या दृष्टीने हा गुण मोठा आहे.

सेन्सरच्याही तक्रारी आहेत, पण त्या बहुतेक बसवण्यातल्या चुकांच्या असतात, असा माझा अनुभव आहे. पहिली चूक मीच केली. पडवीच्या वाशाला, दिव्यापासून हातभर अंतरावर, सेन्सर लावला. दिवा लागला की चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड त्याच्या डोळ्यावर पडे, दिवस उजाडला असे समजून तो दिवा विझवी आणि अंधार झाला की पुन्हा लावी. दर मिनिटाला हाच खेळ चाले. सेन्सर घराच्या उत्तरेच्या बाजूला, दिव्याचा उजेड पोहोचणार नाही आणि थेट ऊनही लागणार नाही अशा जागी हलवला, तेव्हा ते थांबले. वायरी खालच्या बाजूने बाहेर याव्यात आणि पाणी ठिबकून जाण्यासाठी त्यांना खाली झोल द्यावा. बऱ्याच सेन्सरांत काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि लाल दिव्याकडे जाणारी असते, तरी लेबलावरची आकृती पाहूनच, एमसीबी पाडून, जोडणी करावी, शक्यतो वायरमनकडूनच.

दिवा लागत नसेल, तर दिवसा डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावून एक-दोन मिनिटे थांबावे. नुसत्या बोटांतून उजेड झिरपतो. तरीही दिवा लागला नाही, तर वायरमनला टेस्ट लॅम्प (फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडून पाहायचा दिवा) लावून पुरवठा पाहायला सांगावे. टेस्टर पेटला म्हणून सगळे ठीक आहे असे धरू नये, कारण न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर पेटतोच. उलट भर दिवसा दिवा जळत असेल, तर आधी डोळ्यावरची धूळ आणि कोळिष्टके ओल्या फडक्याने पुसावीत. त्याने गुण आला नाही, तर बहुधा सेन्सरच्या आतले, वीज जोडणारे-तोडणारे संपर्क चिकटलेले असतात. एलईडी दिवे लागताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, म्हणून एका सेन्सरवर बरेच दिवे असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे सेन्सरच्या इशाऱ्यावर चालणारा आणि जास्त करंट झेलणारा स्विच, घालणे बरे. आमचा पहिला सेन्सर चौथ्या पावसाळ्यात असाच गेला आणि मी दुसराही सेन्सरच आणला.

ज्यांच्याकडे वीज सहसा जात नाही आणि मध्यरात्रीनंतर दिवे नको आहेत, त्यांना टायमर अधिक सोयीचा पडेल. आमच्याकडे तसे नाही. या वेळी मी सेन्सरला समांतर एक साधा स्विच आईच्या हाताला लागेल अशा उंचीवर दिला आहे, म्हणजे सेन्सर बिघडला तरी तिला पडवीतला दिवा लावता येतो.