घरचा वस्ताद की बाहेरचा कोच?

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठेतल्या तालमींचे. सीझनआधी तालमीची फुटबॉल कमिटी बसते, तेव्हा पहिला तास फॉरवर्ड कुठून आणायचा यातच जातो. गोव्याचा बघायचा, केरळचा बघायचा, की नायजेरियाचा? कोचचा विषय चहाचे कप गोळा करताना निघतो आणि 'आपला अमुक आहेच की' म्हणून मिटतो. यंदा तुम्ही कोचिंग स्टाफसाठी वेगळे पैसे काढून ठेवलेत आणि ते कुणावर लावायचे असं विचारताय, म्हणून हा लांबलचक हिशेब. हिशेब कोल्हापूरचा आहे. संघ केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) सीनियर गटात खेळतो, पोरं थोडंफार मानधन घेतात, आणि त्यातली बरीचशी सकाळची प्रॅक्टिस उरकून शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ड्यूटीवर पळतात. मी गोलपोस्टमध्ये उभा राहिलेला माणूस, त्यामुळे एका मुद्द्यावर माझा पक्षपात होणार. तो आधीच कबूल करतो.

घरचा कोच म्हणजे तालमीचाच जुना खेळाडू. त्याला न विचारता सगळं कळतं. लेफ्ट बॅक आज रात्रपाळी करून थेट मैदानावर आलाय हे तो डोळे बघून ओळखतो आणि त्याला पळवत नाही. कुठला पोरगा ओरडल्यावर खेळतो आणि कुठला खचतो, हेही त्याला ठाऊक असतं. पेठेतल्या दोन संघांची गाठ पडली की गॅलरीतून काय काय कानावर येणार, हे त्यानं स्वतः भोगलेलं असतं. शिवाय जूनमध्ये सीझन संपला तरी तो गल्लीतच असतो आणि चौदा वर्षांखालच्या पोरांना गांधी मैदानावर घेऊन जातो. मानधन कमी, कधी नुसता मानाचा नारळ.

त्याची अडचण टीम लावताना येते. ज्याला बाहेर बसवायचं त्याच्या काकानं वर्गणी दिलेली असते, आणि संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसायचं असतं. अकराची यादी तालमीतून शाहू स्टेडियमवर पोचेपर्यंत दोनदा बदललेली मी पाहिली आहे. दुसरी गोष्ट, त्याचं फुटबॉल बहुधा त्याच्या काळातलं असतं: मैदानाला दहा फेऱ्या, मग दोन गोल लावून मॅच, आणि अंगात आलं तर शूटिंग.

बाहेरचा लायसन्सवाला कोच नेमका इथे उजवा ठरतो. तो कुणाचा पुतण्या नाही, कुणाचा शेजारी नाही. चुकणाऱ्या मोठ्या खेळाडूला तो विसाव्या मिनिटाला बाहेर काढू शकतो. प्रॅक्टिसचा कागद खिशात असतो. आज दाब कसा टाकायचा, उद्या कॉर्नरला कोण कुणाला धरणार, हे ठरलेलं असतं. लायसन्स बघताना मात्र नुसतं 'आहे' म्हटल्यावर मान डोलवू नका. भारतात डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढती शिडी आहे. डी म्हणजे सुरुवात, मुख्यतः लहान पोरांना शिकवण्यापुरती. सीनियर संघ हातात द्यायचा तर सी किंवा बी मागा, आणि लायसन्सची मुदत संपली नाही ना तेही पाहा.

त्याची उणी बाजू राहण्याची. पुण्या-मुंबईचा कोच शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी मॅचला येणार असेल, तर तुम्ही कोच आणत नाही, पाहुणा आणताय. आठवड्यात प्रॅक्टिस कुणी घेतली, कोण लंगडत होता, हे त्याला फोनवर कळणार.

गोव्याकडे बघितलं तर दोन्ही वाटा चाललेल्या दिसतात. तिथले क्लब पूर्ण व्यावसायिक होते, त्यामुळे पैशांची तुलना करू नका. पण आर्मान्दो कुलासो गोव्याचाच माणूस, आणि त्याच्या हाताखाली डेम्पो क्लबनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्याच गोव्यात साळगावकर क्लबनं २०१०-११ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकली ती मोरोक्कोच्या करीम बेन्शरीफाकडे संघ देऊन. तिसरा नमुना चर्चिल ब्रदर्सचा: २०१२-१३ला ते विजेते झाले तेव्हा मुख्य प्रशिक्षक मारियानो डायस आणि वर तांत्रिक संचालक म्हणून सुभाष भौमिक. अशी जोडी आपल्याकडे कमिटीला फार आवडते, कारण कुणीच दुखावत नाही. तालमीत मात्र वस्ताद एकच असतो. जोडी करायचीच असेल तर शेवटचा शब्द कुणाचा ते करारात लिहा, तोंडी नको.

माझा कौल असा. बाहेरचा कोच सीझनभर कोल्हापुरात खोली घेऊन राहणार असेल आणि टीम लावण्यात कमिटी हात घालणार नाही असं तुम्ही खरंच पाळणार असाल, तर तो घ्या. यातलं एक जरी जमत नसेल तर घरचा बरा. आणि घरच्यालाच डी, मग सी कोर्सला पाठवण्याचा खर्च तालमीनं उचलावा. यंदाचा प्रश्न त्यानं सुटणार नाही, पण तो पैसा पेठेतच राहतो.

मुख्य कोच ठरल्यावर उरलेल्या पैशांत फिजिओ की गोलकीपर कोच, हा खरा पेच आहे आणि त्यावर कमिटीत कुणी पाच मिनिटंही बोलत नाही.

आपल्याकडे फिजिओचं काम स्प्रेचा डबा करतो. पोरगा पडला, स्प्रे मारला, पट्टी गुंडाळली, पळ. एप्रिलच्या उन्हात, कडक मैदानावर, रात्रपाळी केलेल्या पायांनी खेळताना मांडीचा मागचा स्नायू धरतो. तो 'थोडा धरलाय' म्हणून पुढची मॅच खेळवली की महिना जातो. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला तर ऑपरेशन धरून नऊ महिने, म्हणजे सीझन गेलाच, आणि पगार कामावर उभं राहण्याचा असेल तर घरही बसतं. फिजिओ रोज नाही जमला तर आठवड्यातून दोन सकाळी आणि प्रत्येक मॅचला बोलवा. फिफाचा '११ प्लस' वॉर्म-अप सुमारे वीस मिनिटांचा आहे, बॉल आणि थोडे कोन सोडले तर साहित्य लागत नाही. तो एकदा नीट बसवून घेतला तर घरचा असिस्टंट पुढे चालवू शकतो. डोक्याला मार लागलेल्या पोराला आत सोडायचं नाही, हा शब्द फिजिओचा असावा. त्यावर कोचनंही बोलू नये.

गोलकीपर कोचबद्दल माझा पक्षपात इथे आला. दहा जण एका बाजूला खेळतात आणि कीपर कोपऱ्यात एकटा भिंतीवर बॉल मारत बसतो, हे मी वर्षानुवर्षं केलंय. मग टायब्रेकरला सगळी पेठ त्याच्याकडे बघते. तरीही पैसे एकाचेच असतील तर फिजिओ घ्या. कीपरसाठी तालमीचा कुणीतरी जुना कीपर सापडतो, त्याला तीन सकाळी पेट्रोलचे पैसे देऊन बोलवता येतं. क्रॉस पकडायला, डाइव्हनंतर पटकन उठायला, बॅकलाइनला ओरडून उभं करायला तो शिकवतो. जुना फिजिओ असा गल्लीत सापडत नाही.

असिस्टंट घरचाच हवा, मुख्य कोच बाहेरचा असेल तर नक्कीच. फिटनेस ट्रेनर यंदा नको. व्हिडिओसाठी गॅलरीच्या वरच्या पायरीवर फोन धरून बसणारा एक पोरगा पुरे.

आणि कोचचा करार खेळाडूंची नोंदणी सुरू व्हायच्या आधी करा. नाहीतर होतं असं, की कमिटी आधी सहा फुटांचा फॉरवर्ड आणते, बजेट तिथंच संपतं, आणि मग आलेल्या कोचला कळतं की त्याला हवा होता तो मधल्या फळीतला बॉल थांबवणारा माणूस.