नळीत खड्डे नव्हतेच

कुडाळ तालुक्यात आमची भातशेती आहे आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. बार काढल्यावर त्याच रात्री नळी पुसायची, ही त्यांची शिस्त मी पाळली नाही आणि त्यातूनच हे पुढचं घडलं. सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे अशा बंदुका गावोगावी आहेत आणि निवडणूक झाली की त्यातल्या कित्येक अशाच अवस्थेत घरी येतात.

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. आदल्या रात्रीच डुकरं हाकायला दोन बार काढले होते. नळी न पुसता तशीच नेऊन दिली. जूनमध्ये परत मिळाली तेव्हा पाऊस लागला होता. घरी नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या, तर आत लांबच लांब काळपट राखाडी पट्टे दिसले आणि डाव्या नळीत हाताला जाणवेल असा खरखरीत थर. रॉकेल लावून चिंधी फिरवली. चिंधी काळी होत राहिली, पट्टे मात्र हलेनात.

मग शहरातल्या एका परवानाधारक दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने नळीत बारीक दिवा सोडला, मला वाकून बघायला लावलं आणि म्हणाला, ‘‘हे डाग नाहीत साहेब, खड्डे आहेत. पोलाद खाल्लं गेलंय. आता बार काढलात तर नळी फुटेल.’’ मोबाईलवर फुटलेल्या नळीचा फोटोही दाखवला. त्या फोटोनंतर मला काही सुचेना. बंदूक मोडीत द्यायची तर तो नाममात्र किमतीला घेणार होता. ठेवायची असेल तर आतून लॅपिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करणं, आणि वर क्रोमचा मुलामा, १६,५०० रुपये. वडिलांची वस्तू मोडीत देववेना. पैसे मोजले आणि घरी नळी साफ करायला म्हणून ‘इंपोर्टेड सोल्व्हंट’ची बाटली १,२०० ला घेतली. तिला आमच्या घरच्या रॉकेलचाच वास येतो.

तीन आठवड्यांनी बंदूक मिळाली. दोन्ही बाजूंनी डोकावलं तर आरशासारखी चकाकी. मी खूश होऊन घरी आलो.

शेजारच्या वाडीत सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, म्हणून नोकरी केलेले एक हवालदारकाका राहतात. सहज दाखवायला नेली. त्यांनी आधी काडतुसं बसतात त्या दोन्ही खोल्यांत बोट घालून बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं, नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि अंगणात उभं राहून बराच वेळ आत बघत बसले. मग विचारलं, ‘‘घरात मोरचूद आसा?’’ सुपारीवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारतो, त्यामुळे मोरचूद (कॉपर सल्फेट) होतंच. चिमूटभर पाण्यात विरघळवलं, काडीला कापूस गुंडाळून तो ओला केला आणि नळीच्या तोंडाशी आतून टेकवला. बघता बघता तिथे तांब्यासारखा लाल ठिपका उमटला. उघड्या लोखंडावर मोरचुदातलं तांबं बसतं, क्रोमवर बसत नाही. म्हणजे क्रोम मारलेलंच नव्हतं. काकांनी लगेच तो ठिपका पुसून काढला आणि जागेवर तेल लावलं. तुम्ही करून पाहिलंत तर हे विसरू नका, नाहीतर त्याच जागी गंज धरेल.

खरी गोष्ट पुढेच होती. डाव्या नळीत बॅटरी तिरकी धरून त्यांनी मला दाखवलं: दोन्ही टोकांकडून साधारण दहा-दहा इंच आडव्या गोल चरांचं जाळं होतं. ड्रिलला पॉलिशपेपर गुंडाळून फिरवल्याच्या त्या खुणा. नळी तीस इंचांची, त्यामुळे मधल्या भागापर्यंत ड्रिल पोचलंच नव्हतं. तिथे जुने पट्टे जसेच्या तसे होते.

त्या मधल्या भागाने दुकानदाराचं खोटं उघडं पाडलं. काकांनी नळीच्या तोंडाला बूच मारलं, आत रॉकेल ओतलं आणि रात्रभर उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी काडतुसाच्या बाजूने फॉस्फर ब्राँझचा ब्रश तेलात बुडवून घातला, प्रत्येक वेळी तोंडातून पूर्ण बाहेर काढून, तीस-चाळीस फेऱ्या. चिंधीवर बारीक राखाडी पापुद्रे यायला लागले. काकांनी एक पापुद्रा चिमटीत धरून वहीच्या कागदावर ओढला, तर पेन्सिलीसारखी रेघ उठली. ‘‘ह्या शिसा आसा रे. खड्डे खंयचे?’’ छऱ्यांचं शिसं जाता जाता पोलादाला घासून चिकटतं, त्यावर दारूची काजळी बसते, आणि प्लॅस्टिकच्या वॅडची (दारू आणि छऱ्यांमधल्या बुचाची) काडतुसं असली तर त्या प्लॅस्टिकचाही थर चढतो. दोन संध्याकाळी गेल्या. सगळे पट्टे निघाले आणि खालचं पोलाद गुळगुळीत होतं. एकही खड्डा नाही.

खरे खड्डेही पडतात, हे मी नाकारत नाही. ओलीत पडून गंज चढला तर पोलाद झिजतं आणि मग जाडी मोजून घेतल्याशिवाय बार काढू नये. पण शिशाचे पट्टे नळीच्या लांबीने जातात आणि पृष्ठभागावर उठून दिसतात. खड्डे ठिपक्यांसारखे आत गेलेले असतात आणि साफ केल्यावरही राहतात. म्हणून आधी साफसफाई, मग निदान. न घासताच कुणी खड्डे सांगत असेल तर नळ्या उचला आणि घरी या. घासताना हातमोजे घाला, चिंध्या चुलीत टाकू नका, शिसं विषारी आहे. घरातल्या लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

दुकानात परत गेलो. पावती काढायला सांगितली. तिच्यावर बंदुकीचा नंबर होता आणि पुढे एकच शब्द, ‘सर्व्हिसिंग’. ‘‘क्रोमचं कुठे लिहिलंय?’’ असं त्याने मलाच विचारलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पैसे देताना पावती वाचलीच नव्हती. तुम्ही काम टाकाल तेव्हा कोणत्या नळीत काय करणार, मुलामा कशाचा, हे सगळं नंबरासह लिहून घ्या आणि देण्याआधी दोन्ही नळ्यांचे आतून फोटो काढा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. काकांनी काढलेले शिशाचे पापुद्रे एका डबीत घालून ठेवलेत आणि मोरचुदाच्या ठिपक्याचा फोटो तक्रारीला जोडलाय.

बंदूक वापरात आहे. बार काढला की त्याच रात्री पुसतो. मधल्या दहा इंचांत चिंधी सुळकन जाते. दोन्ही टोकांना, जिथे ड्रिल फिरलं तिथे, ती चरांत अडकते आणि काळी होऊन येते.