टॅपेटचा आवाज बंद झाला आणि माझे ४,२०० रुपये गेले

माझी स्प्लेंडर हिरो होंडाच्या काळातली. पावसाळा संपता संपता हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या सिलेंडरवर बसणाऱ्या भागातून, टक-टक आवाज यायला लागला, म्हणून कामावर जाताना रस्त्यावरच्या एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रीने गाडी गरम असतानाच हेडवरच्या दोन टोप्या खोलल्या, पान्याने काहीतरी आवळलं आणि दहा मिनिटांत आवाज गायब. २५० रुपये देऊन मी खूश होऊन निघालो.

तीन आठवड्यांत सकाळी किक मारून मारून पाय दुखायला लागला. चालू झालीच तर रेस सोडली की बंद. चढाला दम नाही. पुन्हा त्याच्याकडेच गेलो. "साहेब, वाल्व जळलाय, हेड उतरवावं लागेल," म्हणाला. संध्याकाळी कडेचा टवका उडालेला काळाकुट्ट वाल्व, म्हणजे इंजिनातली झडप, त्याने माझ्या हातावर ठेवला, "हा बघा तुमचा." मी ४,२०० रुपये मोजले. चिठ्ठीवर फक्त "इंजिन काम". गाडी झकास चालत होती, मग शंका कशाला येईल?

रविवारी गाडी धुवायला खाली बसलो, तेव्हा सायलेन्सर हेडला जिथे लागतो तिथले दोन नट दिसले. गंजलेले, वर पावसाळ्यातला लाल चिखल वाळून घट्ट बसलेला, पान्याचा एक ओरखडा नाही. सायलेन्सर सोडवल्याशिवाय या गाडीचं हेड उतरतच नाही. हेडच्या वरच्या नटांवरची तेलकट धूळही जशीच्या तशी होती. पोटात गोळाच आला.

त्याने काय केलं ते नंतर कळलं. पहिल्यांदा गेज (फट मोजायची पातळ पाती) न लावताच टॅपेट, म्हणजे वाल्ववरची फट ठरवणारे स्क्रू, इतके आवळले की आवाज मेला. पण टॅपेट घट्ट झाला की वाल्व पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गळतं, आणि तसंच चालवत राहिलं तर एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारा) वाल्व खरोखर जळतो. सैल टॅपेट निदान आवाज तरी करतो, घट्ट टॅपेट गप्प राहून इंजिन खातो. दुसऱ्यांदा त्याने तेच टॅपेट फक्त सैल केले. हातावर ठेवलेला वाल्व कुणा दुसऱ्याच्याच गाडीचा.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, "काम पोराने केलंय, मला माहीत नाही." पैसे मिळाले नाहीत.

आता टॅपेटचं काम मी घरीच करतो. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. हेडवरच्या टोप्या आणि इंजिनाच्या डाव्या कव्हरवरची दोन झाकणं काढून मॅग्नेट (आतलं इंजिनासोबत फिरणारं चाक) फिरवायचा आणि "टी"ची खूण कव्हरच्या खुणेसमोर आणायची. दोन्ही रॉकर (वाल्व दाबणारे दांडे) बोटाने किंचित हलले पाहिजेत. नाही हलले तर आणखी एक पूर्ण फेरा, कारण ही खूण दोनदा येते आणि आपल्याला कॉम्प्रेशनची, म्हणजे दोन्ही वाल्व बंद असतानाची, हवी असते. माझ्या गाडीला ०.०५ मिलिमीटर गॅप लागतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. फीलर गेजची पाती जराशी अडत सरकली पाहिजे. चेकनट (टॅपेटचा स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना मधला स्क्रू धरून ठेवा, तो सोबत फिरतो. आवळून झालं की पाती पुन्हा घालून बघा, माझा गॅप पहिल्या दोन वेळा इथेच बिघडला होता.

शेजारच्या काकांनाही त्याच गॅरेजवाल्याने परवा हेड उतरवायला सांगितलंय. गाडी अजून दिलेली नाही. उद्या सकाळी, ती थंड असतानाच, आम्ही दोघं त्यांच्या टोप्या उघडून गेज लावणार आहोत. तरीही गॅरेजात द्यायची वेळ आलीच, तर आधी सायलेन्सरच्या दोन्ही नटांवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवू.