एंडेव्हर: आकाशात टिपावं की रस्त्यावर?

२१ सप्टेंबर २०१२ ला नासाचं निवृत्त अंतराळयान एंडेव्हर शटल बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर बसून कॅलिफोर्नियावरून शेवटचं उडालं. गोल्डन गेट पुलावरचा धुक्यातला फोटो सगळ्यांनाच हवा होता. पण असा फोटो काढायला मिळतात जेमतेम काही सेकंद. दूरचं जवळ आणणारी टेलिलेन्स, शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास आणि विमान नेमकं कुठून येणार याचा अंदाज, एवढं सगळं हवं. हुकलं की हुकलं. शिवाय पांढरं शटल उजळ आकाशात सहज फिकं पडतं.

ऑक्टोबरात तेच शटल लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून तिथल्याच कॅलिफोर्निया सायन्स सेंटर या संग्रहालयाकडे रस्त्याने निघालं. अंतर सुमारे १९ किलोमीटर, वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी. वाट करायला शेकडो झाडं तोडली, हे काही पटलं नाही. पण फोटोसाठी मात्र चैन! वाइड लेन्स लावा, रात्री ट्रायपॉड ठेवा. पंखाखाली पोलीस, बाजूला डोनटचं दुकान, आणि अंगावरच्या, उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्सचे भाजल्याचे डागसुद्धा स्पष्ट.

निवडायचंच तर मी रस्ता निवडेन. आकाशातले फोटो देखणे, पण बरेचसे एकमेकांसारखेच. रस्त्यावर फोटोच्या मध्ये येणारी गर्दीतली डोकी तेवढी सांभाळा. एखादी छोटी शिडी सोबत असलेली बरी.