वाढईकाकांचा १४ फुटी डोंगा, दोन हंगाम वापरून

आमच्या पवनी तालुक्याकडे आता डोंगा, म्हणजे लहान होडी, म्हटला की पत्र्याचाच. मीही सात वर्षं तोच चालवला. एप्रिलात बूड असं तापायचं की ओलं पोतं अंथरल्याशिवाय बसता येत नसे. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत पाण्यात जुने खुंट उभे आहेत, त्यावर घासला की नवा पोचा ठरलेला. शेवटी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या वाढईला, म्हणजे सुताराला, लाकडी डोंगा सांगितला. धंदा त्यांचा दिवाण-आलमारीचा, पण डोंग्यावर हात जुना.

लांबी १४ फूट, रुंदी ३, काठ जेमतेम सव्वा फूट. मला काठ उंच पाहिजे होता. तर म्हणे, "शिंगाडे का शिडीवरून तोडशीन बाप्पा?" मी गप्प बसलो, आणि मामा तलावात (माजी मालगुजारी तलाव, आमच्याकडचे जुने गावतलाव) शिंगाड्याला वाकलो तेव्हा पटलं. बूड सपाट, सागवानी. आतले आडवे दांडे येनाचे, म्हणजे ऐनाच्या लाकडाचे. दोन माणसं आणि जाळं घेतलं तरी अर्धी वीतच बुडतो. गुडघाभर पाण्यात, वेलांवरूनसुद्धा, बांबूच्या एका रेट्यात सरकतो.

पहिल्या दिवशी मात्र घोट्यापर्यंत पाणी आत. रागारागात फोन केला. "कोरडं लाकूड आहे, पिऊ दे त्याले पाणी. दोन रात्री बुडवून ठेव." ठेवला. फळ्या फुगल्या, कापूस-डांबर भरलेले सांधे आवळले गेले. आता दिवसभरात लोटाभर पाणी उपसावं लागतं, तेवढं चालते. मे महिन्यात तलाव आटला की सावलीत ओल्या पोत्यांखाली ठेवतो, नाहीतर सांधे पुन्हा उघडतात.

मामेभावानं एकदा बांबूला चादर बांधून शीड केलं. वारा पाठीमागून होता तोवर राजा. आडवा आला की सपाट बुडाचा डोंगा खेकड्यासारखा बाजूला घसरू लागला. वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला वल्ह्याचं पातं उभं पाण्यात धरलं तेव्हा थोडा आवरला. त्याच दिवशी लाटेनं काठोकाठ भरलाही, पण लाकूडच ते, तरंगत राहिलं. आम्ही धरून बसलो. पत्र्याचा असता तर तळाशी गेला असता.

तक्रार एकच, खिळ्यांची. मागच्या टोकाला साधे लोखंडी मारले. वर्षभरात गंजले, सागवानावर काळे ओघळ उतरले आणि एक फळी हलायला लागली. बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण चार खेपा झाल्या. तुम्ही जस्त चढवलेले खिळे स्वतः आणून द्या.

मला लाकडासकट ३४ हजार पडले. पत्र्याच्या मानानं फार आहेत, वजनही इतकं की काठावर ओढायला चार माणसं लागतात. सांगायचाच असेल तर होळीच्या आधी सांगा. लगनसराईचे दिवाण हातात आले की डोंगा मागे पडतो. माझा दीड महिना तसाच अंगणात उलटा पडून होता, वर कोंबड्या बसायच्या.