नागपूरच्या कामठी रोडवरच्या गॅरेजमध्ये बूस्ट गेज बसवलं, माझा अनुभव

माझ्या १.२ टर्बो पेट्रोल गाडीला बूस्ट गेज (टर्बो इंजिनात किती दाबानं हवा भरतो ते दाखवणारं मीटर) दोनदा बसवावं लागलं म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. पहिल्यांदा दुसरीकडे टाकलं होतं, नाव नाही घेत. दीड तासात गाडी हातात, गेजचा लाइट लागला, मी खूश. पण काटा आयडलला (इंजिन चालू, ॲक्सिलेटर सोडलेला) शून्यावरच, ॲक्सिलेटर दाबला की वर जायचा, सोडला की परत शून्य, त्याच्या खाली कधी गेलाच नाही. अन् आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम (बाहेरच्यापेक्षा कमी दाब) असतो, काटा वजा ०.६-०.७ बारच्या आसपास पाहिजेच.

मग कामठी रोडच्या ह्या दादांकडे गेलो. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला अन् लगेच म्हणाले, "भाऊ, टी थ्रॉटलच्या आधी टाकला आहे, इथं व्हॅक्यूम कुठून येईल?" टी म्हणजे गेजचा पाइप जोडायचा तीन तोंडांचा जोड, अन् थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. पाइप फायरवॉलच्या (इंजिन अन् केबिनच्या मधल्या) पत्र्यातून तसाच ओढलेला, कडेला घासून त्यावर पांढरी रेघ पडली होती, बोट ठेवून दाखवली. थोडे दिवस अजून गेले असते तर तिथंच फाटला असता.

सगळं काढून परत केलं त्यांनी. टी थ्रॉटल बॉडीच्या नंतर, मॅनिफोल्डच्या लाइनवर. ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणाऱ्या भागाच्या) पाइपला हात नाही लावला, हे मला सगळ्यात आवडलं, कारण तिथं लीक झालं तर ब्रेक दगडासारखा कडक होतो. ४ एमएमचा सिलिकॉन पाइप टर्बोपासून लांबून फिरवला (आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, बॉनेटखाली काय होत असेल), पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट (कड झाकणारी रिंग), प्रत्येक जॉइंटला क्लॅम्प. सप्लाय इग्निशनवरून, वेगळ्या फ्यूजसकट. मला ए पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर) पाहिजे होतं पण नाही म्हणाले, माझ्या गाडीत कर्टन एअरबॅग तिथूनच जाते, म्हणून ५२ एमएमचं गेज डॅशवर उजवीकडे बसवलं. आता स्टार्ट केली की काटा सर्रकन खाली येतो अन् एका जागी थांबतो, थरथर नाही. पाहून खरंच बरं वाटते.

लेबर २,२०० घेतले, पटले मला. वेळेचं मात्र पक्कं नाही, दोन तास सांगून संध्याकाळचे सहा वाजले अन् तिथं सावलीत बसायला जागा नाही, त्यामुळे जाणार असाल तर सकाळी गाडी सोडून ऑटोनं सरळ घरी या.