वेडर्स, गाईड आणि डावा गुडघा: चार महिन्यांनंतर

वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहून मासेमारी करताना घालायची जलरोधक विजार, घेतले जुलैत, सेलमध्ये. किती थरांचे, मोजे कसले, हे सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत नाही. मी लिहायला बसलोय ते डाव्या गुडघ्याबद्दल.

ऑरेगनच्या डेशूट्स नदीवर, मॉपिन गावाजवळ, गाईड घेऊन स्टीलहेडसाठी, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या ट्राउट माशासाठी, तीनदा गेलो. नदीच्या या भागात होडीत बसून गळ टाकायला बंदी आहे. होडी नुसती एका जागेवरून दुसरीकडे नेणार, मासेमारी पाण्यात उभं राहूनच. काठी, रीळ, फ्लाय (गळाला बांधलेली नकली माशी) सगळं गाईडचं. माझे स्वतःचे फक्त हे वेडर्स. आणि दुसऱ्या खेपेला, ऑगस्टअखेरीस, उजाडायच्या आतच डाव्या गुडघ्यावरून थंडगार ओघळ उतरला. दुपारी मोजा काढून पिळला.

कंपनीला फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर: शिवण शाबूत आहे, वापराची झीज वॉरंटीत बसत नाही. उण्यापुऱ्या दीड महिन्यात कसली डोंबलाची झीज? एक तारा देऊन चांगला खरमरीत मजकूर लिहूनही ठेवला होता.

तो टाकला नाही, कारण ऑक्टोबरचं बुकिंग करताना गाईड म्हणाला, वेडर्स उलटे कर आणि आतून रबिंग अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट, फवार. फवारलं. गुडघ्यापाशी मोहरीएवढे पाच काळे ठिपके उमटले, म्हणजे पाच भोकं. शिवणीवर एकही नाही.

काटे! पहिल्या खेपेला जेवणाच्या सुट्टीत मी काठावरच्या ब्लॅकबेरीच्या जाळीत गुडघा घालून शिरलो होतो. दुकानात एवढीशी डबी चार डॉलरला, इथे फुकट. करवंदाच्या जाळ्यांत लहानपण गेलेल्या चिपळूणच्या माणसाला एवढं कळू नये? त्यातून या झुडपाचं नाव 'हिमालयन' ब्लॅकबेरी. आहे मूळ आर्मेनिया-इराणकडची, अमेरिकेत आणली वनस्पतितज्ज्ञ ल्यूथर बरबँकने, १८८५ मध्ये. हिमालयाशी संबंध नाही, तरी घरच्याच कुणी दगा दिल्यासारखं वाटलं. अ‍ॅक्वासील गोंदाची ट्यूब आणली, ठिपक्यांवर आतून बोट फिरवलं, रात्रभर वाळवलं. बायकोने त्या फळांचा जॅम केला होता, एक बाटली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

गाईड महाग आहे. दिवसाचे सहाशे डॉलर, वर टिप, आणि पहिल्या दोन खेपांत मासा शून्य. पण शिकवतो मन लावून. प्रवाहात तिरकी दोरी टाकायची, फ्लाय झुलत काठाकडे येऊ द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा तेच. ओढ लागली तरी काठी लगेच उचलायची नाही, हे सांगून त्याचा घसा बसला. मी वाशिष्ठीवर वडिलांशेजारी गळ धरून बसलेला. दोरी हलली की हिसका, हे हातात मुरलंय.

ऑक्टोबरात, पाण्यावर ऊन यायच्या आत, ओढ लागली. हात कसाबसा आवरला. रीळ किंचाळलं. मासा जाळ्यात आला तेव्हा गाईडने आधी शेपटीअलीकडचा छोटा पर पाहिला. शाबूत. हॅचरीच्या, म्हणजे पैदास केंद्रातल्या, माशांचा तो कापलेला असतो. हा नदीतच जन्मलेला, म्हणजे सोडायचा. पाण्याबाहेर न काढताच त्याने गळ सोडवला. मी गोट्यांवर गुडघे टेकून मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. थोडा वेळ नुसते कल्ले हलत होते, मग शेपटीचा एक फटका मारून गेला.

उठलो आणि आधी डावा गुडघा चाचपला. कोरडा. एकाचे चार तारे केलेत. पाचवा देणार नाही. उत्तराला तीन आठवडे लावले.